भिंगरजोमीमांसा, अर्थात गच्चीवरील दुर्बिणीची धूळ

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडील जुना दंडक आहे. तो पाळून सांगतो. या ग्रंथाचा विषय दुर्बिणीच्या भिंगावर बसणारी धूळ. प्रयोजन, ती बसू नये हे. आणि ती बसणारच असल्यामुळे दुसरे प्रयोजन, बसलेल्या धुळीचे काय करावे हे. विषय आणि ग्रंथ यांच्यातील संबंध असा की, ग्रंथ लिहून होईपर्यंत विषय बराच वाढलेला असतो. राहता राहिला अधिकारी. ज्याच्याकडे दुर्बीण आहे, गच्चीची किल्ली आहे, आणि जो दहिसर चेकनाक्याच्या उत्तरेस व भाईंदरच्या खाडीच्या दक्षिणेस राहतो, तोच हा ग्रंथ वाचण्यास पात्र. लडाखमध्ये हानले येथे ४,५०० मीटर उंचीवर ज्यांची वेधशाळा आहे त्यांनी हे पान उलटावे. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि, खरे सांगायचे तर, त्यांच्याविषयी आम्हांला फारसे प्रेमही नाही.

गृहवेधशाळा म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे फिरता घुमट उभा राहिला असेल तर तो त्याने स्वतःच पाडावा. नाहीतर अनधिकृत बांधकाम म्हणून दुसरे कोणीतरी पाडील. आमच्या भागातील गृहवेधशाळा तीन जातींच्या. पहिली, जिना जिथे संपतो तिथल्या खोलीत, लिफ्टच्या मोटारीशेजारी. दुसरी, वरचा मजला गळू नये म्हणून गच्चीवर घातलेल्या पत्र्याच्या शेडखाली. हिच्यातून आकाश दिसत नाही, पण दुर्बीण भिजत नाही. आणि वेधशाळेला दुर्बीण महत्त्वाची की आकाश, हा वाद सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात दरवर्षी पुढे ढकलला जातो. तिसरी जात गॅलरीतली. प्राचीनांनी क्रांतिवृत्ताचे बारा भाग केले, गॅलरीच्या ग्रिलने चौकोनी भाग केले, आणि गुरू एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात केव्हा जातो हे टिपणे हेच तेथील मुख्य संशोधन. तिन्ही जातींत धूळ मात्र समान असते, म्हणून पुढील विवेचन तिघींनाही लागू समजावे.

धुळीचे माप आपल्याकडे फार जुने. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जो कण तरंगताना दिसतो तो त्रसरेणू. सोन्यारुप्याची वजने सांगताना मनुस्मृतीने मोजमापाची पहिली पायरी म्हणून तोच घेतला. वैशेषिकांनी त्याच्याही पोटात शिरून किती अणूंचा तो बनतो याचा हिशेब मांडला. पण ही सगळी चर्चा कण हवेत असतानाची. तो खाली बसल्यावर त्याचे काय करावे, याविषयी प्राचीन मौन बाळगून आहेत. कारण उघड आहे. त्यांच्याकडे खराब होण्याजोगे भिंग नव्हते, आणि जमिनीवरची धूळ झाडण्याचे काम ग्रंथ लिहिणाऱ्यांकडे नव्हते.

मीरा-भाईंदरची धूळ दिशेवरून ओळखावी, कारण या शहराचे चारही शेजार चार स्वभावांचे आहेत. पश्चिमेस उत्तनचा समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याचा हमरस्ता, दक्षिणेस मुंबई.

पश्चिमेकडून येते ते मीठ. वारा दुपारी समुद्रावरून जमिनीकडे आणि उत्तररात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे संध्याकाळी शुक्र पाहणाऱ्याच्या भिंगावर खारी धूळ बसते आणि पहाटे शुक्र पाहणाऱ्याच्या भिंगावर हमरस्त्याची. शुक्र एकच, धूळ दोन. खाऱ्या कणाचा स्वभाव मोठा चंचल. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून घेते आणि स्वतः त्यात विरघळते. आर्द्रता पुरेशी उतरली की पुन्हा स्फटिक होऊन बसते. आमच्याकडे हवा ही रेषा वर्षभर इकडून तिकडे ओलांडत असते. त्यामुळे भाईंदरच्या किनाऱ्याला जो धंदा शिलोत्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, तोच भिंगावर विनापरवाना चालू राहतो. येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. मीठ पाण्यात विरघळते, स्पिरिटमध्ये जवळजवळ नाही. काच स्पिरिटनेच साफ होते अशी ज्यांची श्रद्धा आहे ते मिठाचे खडे फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतात, आणि जाताना वाटेवर चरे पाडतात.

उत्तरेकडून ओल येते. ओल ही धूळ नव्हे, पण धुळीला घरजावई करून घेणारी तीच. १७३९ साली चिमाजीअप्पांनी खाडीपलीकडचा वसईचा किल्ला घेतला तेव्हा या बाजूला किती धूळ उडाली, याची नोंद आमच्या पाहण्यात नाही. अभ्यासकांनी लक्ष घालावे.

पूर्वेकडची धूळ सर्वांत विद्वान, कारण तिच्यात सर्व विद्याशाखा आहेत. पावसाळा सरला की राष्ट्रीय उद्यानातून पराग आणि सुक्या पानांचा चुरा येतो. हमरस्त्यावरून आणि घोडबंदर रोडवरून डिझेलची काजळी, टायरचे रबर आणि ब्रेकचे लोखंड. आणि या सगळ्यांवर मुकुटासारखे सिमेंट. जुन्या चारमजली इमारती पाडून तिथे वीसमजली होत आहेत, शेजारच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये कोणीतरी फरशी कापत आहे, आणि सिमेंट कालवून नेणाऱ्या गाड्या पोटाशी गोल गोल फिरत्या हंड्या घेऊन चालल्या आहेत. सिमेंटचा कण इतर कणांसारखा निरुपद्रवी नाही. तो पाण्याची वाट पाहत बसतो. रात्री भिंगावर दव पडले की त्या दवात तो आपले जन्मजात कार्य सुरू करतो, म्हणजे घट्ट होतो. आमच्या शहरात बांधकामाला कुठलीही जागा वर्ज्य नाही, याचा इतका सूक्ष्म पुरावा अन्यत्र मिळणे कठीण.

दक्षिणेकडून मुंबई येते. तिच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

या नेहमीच्या पाहुण्यांखेरीज लांबून येणारेही असतात. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्रावरून थेट मुंबई परिसरावर आले. दिवसभर हवा पांढुरकी होती आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर पांढरी पूड साचली. भिंगावर परदेशी धूळ मिळवण्यासाठी काही लोक कॅनरी बेटांवर जातात. तिथल्या जगप्रसिद्ध वेधशाळांवर सहारा वाळवंटाची धूळ येते, तिला स्थानिक लोक ‘कलिमा’ म्हणतात, आणि ती फार झाली की घुमट बंद करतात. आमच्याकडे घुमट नसल्यामुळे तो बंद करण्याचा प्रश्न येत नाही.

आता ऊर्ध्व दिशा. अवकाशातून पृथ्वीवर दरवर्षी हजारो टन धूळ पडते. नॉर्वेतील जॉन लार्सन या जॅझवादकाने वर्षानुवर्षे शहरांतल्या छपरांवरचा केर गोळा करून त्यातून सूक्ष्म उल्काकण वेचले, आणि २०१७ मध्ये शास्त्रज्ञांसमवेत त्यावर निबंध प्रसिद्ध केला. तात्पर्य, भिंगावरचा एखादा कण हा खगोलशास्त्राला अडथळा नसून स्वतःच खगोलीय वस्तू असू शकतो, आणि त्याला पुसणे म्हणजे पाहुणा दारात आल्यावर दिवा मालवण्यासारखे. मात्र हा युक्तिवाद भाईंदर पूर्वेला टिकत नाही. सूक्ष्म उल्कांच्या शोधातला सर्वांत मोठा घोटाळा कारखान्यांतल्या घासकामातून आणि वेल्डिंगमधून उडणाऱ्या धातूच्या गोल कणांमुळे होतो, आणि भाईंदर पूर्व तर स्टीलच्या भांड्यांचे गाव. गाळ्यागाळ्यांतून पातेली, डबे, वाट्या बफिंगच्या चाकाला लागतात आणि आरशासारखी चकचकीत होऊन बाहेर पडतात. जे चकचकीत होत नाही ते हवेत जाते. येथे चुंबक फिरवून धूळ वेगळी करू म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, भांड्यांचे चांगले स्टेनलेस स्टील चुंबकाला सहसा दाद देत नाही.

या ठिकाणी एका विषयांतराची मुभा घेतो. विल्यम हर्शेलच्या काळात दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत, तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. ते हवेने काळवंडत, मग पुन्हा घासावे लागत. म्हणून मोठ्या दुर्बिणीसाठी त्याने दोन आरसे केले, एक कामावर असताना दुसरा पॉलिशला. हर्शेल भाईंदर पूर्वेला जन्मता तर त्याला दुसऱ्या आरशाची गरज पडली नसती. सकाळी टाकला की संध्याकाळी मिळाला असता, वर नाव कोरून. दुसरी गोष्ट डॉ. जयंत नारळीकरांची. ते, फ्रेड हॉइल आणि त्यांचे सहकारी यांनी महास्फोटाला पर्याय म्हणून जे विश्वचित्र मांडले, त्यात सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंगी प्रारणाचा उलगडा करण्यासाठी त्यांना अवकाशभर पसरलेल्या, सुईसारख्या बारीक लोहकणांची आवश्यकता होती. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना तो उलगडा पटला नाही. त्यांना धातूची धूळ एवढ्या प्रमाणात असू शकते हेच अविश्वसनीय वाटले असेल, तर त्यांनी भाईंदरला एक चक्कर मारायला हवी होती, एवढेच आमचे नम्र मत.

सजीव धुळीचा विचार केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. तिचा अधिपती पारवा. त्याच्या अंगावर काही पिसे अशी असतात की ती सतत झिजून त्यांची पिठी होते, आणि ती पिठी तो अंगभर फासून घेतो. पारवा खिडकीच्या काचेवर आदळला तर पंख पसरलेली त्याची पांढरी आकृती काचेवर उमटते, ती याच पिठीची. हा पक्षी ग्रिलवर, एसीच्या डब्यावर, पाण्याच्या टाकीखाली आणि, संधी मिळाल्यास, दुर्बिणीच्या नळीवर बसतो. तो नुसता बसत नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे. पारव्यांना दाणे घालणारे आणि न घालणारे असे दोन पंथ प्रत्येक सोसायटीत आहेत. दुर्बीणवाल्याने कोणत्याच पंथात जाऊ नये, कारण गच्चीची किल्ली कोणत्या पंथाकडे असेल हे निवडणुकीवर अवलंबून असते.

मार्च ते मे हा गच्चीचा सर्वांत गजबजलेला काळ. कुरडया, सांडगे, पापड, आणि मुख्य म्हणजे मिरच्या. उत्तन, डोंगरी, गोराईच्या बाजूला ईस्ट इंडियन घरांतून बॉटल मसाल्याच्या मिरच्या याच उन्हात वाळतात. इकडे आगरी-कोळी मसाला, घाटी मसाला, मालवणी मसाला यांची चढाओढ. मिरचीची धूळ भिंगाला विशेष अपाय करत नाही. ती डोळ्याला करते, आणि दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला डोळाच असतो.

एवढ्या मोठ्या सैन्याची मोजदाद झाल्यावर वाचकाचा धीर सुटला असेल. म्हणून आता मूळ प्रश्नाकडे वळू. भिंगावर धूळ बसली तर नेमके बिघडते काय?

येथे पूर्वपक्ष असा. भिंगावर कण दिसतो, म्हणून तो कण आकाशातही दिसणार. चंद्रावर डाग, शनीच्या कड्यात खडे. हा पूर्वपक्ष बहुतेक घरांत मांडला जातो आणि तो मांडणारी व्यक्ती सहसा हातात फडके घेऊन उभी असते. उत्तरपक्ष असा की, वस्तुभिंगाचा प्रत्येक भाग संपूर्ण चंद्राचे चित्र बनवतो. त्यातला एक ठिपका झाकला तर चंद्राचा ठिपका झाकला जात नाही, सगळा चंद्र किंचित मंद होतो. किती मंद, याचे गणित सोपे आहे. ८० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाचे क्षेत्रफळ सुमारे ५,०२७ चौरस मिलिमीटर. प्रत्येकी एक दशांश मिलिमीटर लांबीरुंदीचे एक हजार कण त्यावर बसले, म्हणजे नुसत्या डोळ्यांना भिंग ओशाळवाणे दिसेल इतके, तरी झाकले जाते ते १० चौरस मिलिमीटर. म्हणजे ०.२ टक्के. उलट, समुद्रसपाटीवरची स्वच्छ हवासुद्धा अगदी डोक्यावर असलेल्या ताऱ्याचा सुमारे पाचवा हिस्सा प्रकाश वाटेत गिळते, आणि आमची हवा स्वच्छ असते असा आरोप तिच्यावर कोणी केलेला नाही. तेव्हा ज्या धुळीने खरोखर नुकसान होते ती भिंगाला चिकटलेली नसून भिंग आणि तारा यांच्यामध्ये आहे. तिला पुसायला फडके पुरत नाही.

यावर शंका येईल की, हे कागदावरचे गणित झाले, प्रत्यक्ष प्रमाण काय? आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या मॅक्डोनल्ड वेधशाळेत तिथल्याच एका कर्मचाऱ्याने १०७ इंची दुर्बिणीच्या मुख्य आरशावर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. आरशाला भोके पडली, आरसा फुटला नाही. त्या भोकांमुळे प्रकाश सुमारे एक टक्का कमी झाला, आणि ती दुर्बीण त्यानंतर अनेक दशके कामावर राहिली. आमच्या हिशेबाने ८० मिलिमीटरच्या भिंगावर एवढे नुकसान करायला धुळीला पाच हजार कण जमवावे लागतील. पिस्तुलाला जे जमले नाही ते पारव्याला जमेल, अशी भीती बाळगणे शास्त्राला धरून नाही.

न्यायबुद्धीने एवढे मात्र मान्य केले पाहिजे की, धूळ प्रकाश अडवते त्यापेक्षा जास्त तो विखुरते. चंद्राभोवती किंवा गुरूभोवती दुधाळ झाक दिसते, अंधुक तारे तिच्यात बुडतात. पण मीरा रोडला अंधुक तारे असतात हे गृहीत धरणे म्हणजे वादात नवीनच विषय घुसवणे होय.

खरा दोषी नेत्रिकेतला कण. डोळ्याजवळच्या त्या लहान भिंगांपैकी काहींत एक भिंग प्रतिमेच्या अगदी लगत असते, आणि त्याच्यावरचा कण चंद्रावर ठसठशीत काळा दिसतो. नवशिके अशा वेळी विवराचे नाव काय ठेवावे या विचारात पडतात. परीक्षा सोपी आहे. नेत्रिका बोटांनी फिरवावी. विवर तिच्याबरोबर फिरले तर ते मीरा रोडचे, न फिरले तर चंद्राचे. नेत्रिका न हलवता स्वतःच पोहत पुढे गेले तर ते आपल्या डोळ्यातल्या द्रवात तरंगणारे सूत असते, आणि त्याला कुठलेही झाकण नाही.

आता शास्त्राच्या गाभ्याशी येतो. भिंगाचा शत्रू धूळ नव्हे. भिंगाचा शत्रू स्वच्छता. आणि आमच्याकडे स्वच्छतेचा हल्ला दरवर्षी नेमक्या मुहूर्तावर होतो. पावसाळा ओसरतो, ऑक्टोबरात आकाश उघडते, दुर्बीण चार महिन्यांनी बाहेर येते, आणि त्याच पंधरवड्यात घराघरांत दिवाळीची साफसफाई निघते. माळ्यावरची पितळेची भांडी, पंख्यांची पाती, ट्यूबलाइट, आणि त्यांच्या रांगेत दुर्बीण. घरी काम करणाऱ्या ताई ती पाहतात आणि प्रामाणिकपणे हळहळतात.

“काका, त्या नळीची काच किती धुरकट झालीय. एक हात मारू का?”

“नको हो ताई, राहू दे.”

“जास्तीचे पैसे नाही मागत मी.”

“पैशांचा प्रश्न नाही. काचेवर थर असतो, तो जाईल.”

“अहो, थर काढायचंच तर म्हणतेय मी.”

या संवादात दोन्ही बाजू तर्कशुद्ध आहेत, म्हणूनच तो धोकादायक. ज्या थराविषयी आम्ही बोलत होतो तो मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ लेप. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. लेप असला की हे प्रमाण दीड टक्क्याच्या आत येते. म्हणजे पुढच्या पृष्ठावरचा लेप घासून काढला तर अडीच टक्क्यांच्या वर नुकसान, कायमचे. एक हजार कणांचे नुकसान ०.२ टक्के, तेही फुंकरीने जाणारे. स्वच्छता धुळीपेक्षा बारापट महाग पडते, आणि हा हिशेब चरे न पाडता पुसले तरचा. चरे पडतातच. काठिण्याच्या मोह्‌स मापावर काच पाच-सहाच्या आसपास, वाळूतली गार म्हणजे क्वार्ट्झ सातवर, आणि भांड्यांच्या पॉलिशच्या साबणात जे अल्युमिनियम ऑक्साइड असते ते नवावर. कोरड्या फडक्याने भिंग पुसणे म्हणजे भाईंदर पूर्वेची कला काचेवर आजमावणे. शर्टाचे टोक, साडीचा पदर, चष्म्याच्या दुकानातले फुकट कापड आणि काचा पुसायचे निळे पाणी ही चार महापातके. पितळेची भांडी घासायच्या पुडीचा उल्लेख करतानाही आमचा हात थरथरतो.

फडक्याच्या खालोखाल नंबर टॉर्चचा. कोणतेही भिंग, कितीही नवे असो, अंधारात त्यावर तिरपा टॉर्च मारला की भयंकर दिसते. म्हणून टॉर्च मारू नये. ज्याने मारला तो रात्रभर तळमळतो आणि सकाळी फडके शोधतो.

आणि तिसरा, सर्वांत सज्जन दिसणारा शत्रू, म्हणजे झाकण. धुळीपासून वाचवायला घातलेले झाकणच आमच्या हवेत भिंगाचा घात करते, ही या शास्त्रातील एकमेव शोकांतिका. रात्री उघडे भिंग थंड आकाशाकडे तोंड करून आपली उष्णता गमावते, भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते आणि त्यावर दव धरते. माणूस मग बारा वाजता जांभई देऊन त्याच ओल्या भिंगावर घट्ट झाकण लावतो, दुर्बीण पेटीत घालतो, पेटी कपाटात. अंधार, ओल, आणि खायला बोटांचे ठसे व जैविक धूळ. बुरशीला याहून सुखाचे घर मिळत नाही. तिचे कोळिष्टकासारखे तंतू काचेवर पसरतात आणि त्यांतून झिरपणारे आम्ल काच कोरते. पुढे बुरशी पुसली तरी नक्षी राहते. म्हणून क्रम असा: घरात आणावी, नळीचे तोंड किंचित खाली करून उघडीच ठेवावी, भिंग पूर्ण कोरडे होऊ द्यावे, मगच झाकावे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. निळे खडे ओल प्यायले की गुलाबी होतात, तापवले की पुन्हा निळे. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते, तेव्हा ज्या तव्यावर पोळ्या होतात त्या तव्यावर ते तापवू नयेत. सिलिकाऐवजी तांदूळ टाकावेत असे सांगणारा एक संप्रदाय आहे. तांदळाची पिठी भिंगावर आणि किडे पेटीत, एवढेच त्यातून निष्पन्न होते. कॅमेऱ्याचा धंदा करणारे लोक ४० ते ५० टक्के आर्द्रतेचे विजेवरचे कपाट वापरतात. परवडत असेल तर ते उत्तम, आणि त्यात पापड ठेवण्याची घरच्यांची मागणी नम्रपणे फेटाळावी.

प्रत्यक्ष आवरणांपैकी हॉटेलातून आणलेली आंघोळीची प्लास्टिक टोपी सर्वांत लोकप्रिय आहे. रबर असल्यामुळे ती कुठल्याही नळीला बसते. भाईंदरकराला याहून थोर पर्याय उपलब्ध आहे: स्टीलच्या डब्याचे झाकण, आतून फेल्टची पट्टी चिकटवून. ज्या कारखान्याने धूळ दिली त्यानेच झाकणही द्यावे, यात एक प्रकारचा न्याय आहे. नळीवर मात्र जुनी सुती साडी टाकू नये, ती तंतू सोडते. गोधडी तर नकोच. दवासाठी योगाच्या जाड मॅटचा तुकडा गुंडाळून भिंगाच्या पुढे नळीसारखा बसवावा. योग करण्याचा संकल्प सोडलेल्या प्रत्येक घरात ती मॅट असतेच.

इतके करूनही धूळ असह्य झाली तर आधी रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये. फुंकरीबरोबर काय काय जाते हे पान-तंबाखूवाल्यांनी सांगायची गरज नाही. मग अतिमऊ कुंचला, तोही टेकवल्या न टेकवल्यासारखा. तरीही डाग उरला तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला औषधी कापूस, स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार न देता, एकदाच फिरवून फेकून द्यावा. हा विधी काही वर्षांतून एकदा. मोठ्या वेधशाळांतही आरशाला शक्यतो हात लावत नाहीत. कित्येक ठिकाणी कार्बन डायॉक्साइडच्या कोरड्या बर्फाचा भुरका आरशावरून घसरवतात, तो जाताना धूळ घेऊन जातो.

शेवटची शंका अशी की, एवढा सायास करण्यापेक्षा येथून निघून का जाऊ नये? महाराष्ट्रात ही परंपरा आहेच. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालवायचे ठरले तेव्हा कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला गेली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी नायगामवाला यांनी भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिच्यातली ग्रब यांनी घडवलेली २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुण्याच्या आयुकाने आपल्या दोन मीटर आरशाच्या दुर्बिणीसाठी पुणे टाळून जुन्नरजवळचे गिरवली निवडले. मुंबईचे हौशी लोक रात्र काढायला वांगणीला जातात. सरकारी नोकराच्या होत नाहीत इतक्या बदल्या आमच्याकडे दुर्बिणींच्या झाल्या आहेत. परंतु मीरा रोडचा रहिवासी आधीच गिरगाव, लालबाग, परळ येथून येथवर हललेला असतो. आणखी हलायचे तर विरार, मग पालघर, मग डहाणू, आणि त्यापुढे गुजरात. आणि पळून कुठवर पळणार? जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर नेऊन ठेवली, तिथे ना सिमेंट ना पारवे. मे २०२२ मध्ये तिच्या अठरांपैकी एका आरशावर सूक्ष्म उल्काकण आदळलाच.

तेव्हा येथेच राहायचे ठरवून, सोसायटीच्या फलकावर लावता येईल अशी विनंती खाली देतो. गच्चीवर मिरच्या जरूर वाळवाव्यात. गोधड्या, गाद्या, सतरंज्या झटकाव्यात, पण सूर्यास्ताच्या आत. पारव्यांचे दाणे टाकीच्या पलीकडच्या बाजूला टाकावेत. आणि जिन्याच्या खोलीतल्या नळीची काच धुरकट दिसली तर कृपया पुसू नये. खाली येऊन आमची बेल वाजवावी. रात्री दहापर्यंत चालेल. चंद्र असेल तर दाखवू.